दोन मिनिटं शांतता

पहाटे ५.३०

आज आमच्या गल्लीत पाण्याची पाळी. सोलापुरात माणूस गजराने उठत नाही, नळाच्या खर्रर्र आवाजाने उठतो. आधी हवा, मग गढूळ धार, मग पाणी. बॅरल भरेपर्यंत उशाचा रेडिओ लावून ठेवतो. शेजाऱ्यांनी मोटर चालू केली की रेडिओ गुरगुरायला लागतो. बायको म्हणते, "त्यांना सांगा की एकदा." काय सांगणार? मोटर त्यांची, वायरिंग आमचं जुनं, अर्थिंग दोघांचंही नावापुरतं. चूक कुणा एकाची धरता येत नाही आणि आवाज मात्र आपल्याकडे येतो. तीस वर्षं याच प्रकारावर माझं पोट चाललंय, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही.

सकाळी ८.४५

दुकान कन्ना चौकापासून आत, पूर्व भागात. दहा बाय बाराची खोली, मागची भिंत टॉवेलच्या मागांना लागून. माग सुरू झाले की भिंत थरथरते, रॅकवरच्या बरण्यांतले स्क्रू नाचतात. बाहेरचा माणूस विचारतो, आवाजाची कामं करणाऱ्याने असल्या जागी दुकान का थाटलं? भाडं परवडतं म्हणून. दुसरं कारण असं की या धडधडीत ज्या साऊंड मिक्सरचा हम ऐकू येतो तो खराच खराब असतो.

बाकावर जुनी सोलापुरी चादर अंथरलेली आहे. मिक्सर पालथा घातला की नॉब आणि फेडर तिच्यात रुततात, ओरखडा उठत नाही. रबरी मॅट घेऊन बघितली होती. चादर बरी.

जानेवारीचा पहिला आठवडा म्हणजे आमचा हंगाम. शाळांची गॅदरिंगं, लग्नं, आणि संक्रांतीच्या सुमाराला सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा. सात नंदीध्वज निघायच्या आधी गावातले निम्मे ॲम्प्लिफायर एकदा डॉक्टरला दाखवून घेतात. होम मैदानावर पाळणेवाले, खाऊवाले, हरवलेल्या पोरांची नावं पुकारणारे, सगळ्यांचे भोंगे एकाच वेळी चालू असतात. तिथे कुणाचा आवाज कुणात मिसळला हे देवालाही सांगता येणार नाही, त्यामुळे तिथून मिसळण्याची तक्रारही येत नाही. तक्रार शांत जागेतून येते.

सकाळी ९.१५

हातखर्चाची कामं. भजनी मंडळाचा माइक. केबल जॅकपाशी तुटलेली, पाच मिनिटं. एका ॲम्प्लिफायरचा फ्यूज, ज्याला कुणीतरी सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळली होती. ती चांदी मी मालकाला परत दिली. दोन स्पीकरचे डायफ्राम उद्यावर ढकलले.

आमचा पोरगा आयटीआय करून वर्षभर माझ्याकडे आहे. मला अण्णा म्हणतो, घरी तेलुगू बोलतो, आयर्न धरला की गप्प होतो. हात चांगला आहे. घाई वाईट आहे. हे दोन्ही माझ्याविषयीही पूर्वी कुणीतरी म्हटलं असणार.

सकाळी १०.३०

ऑर्केस्ट्राला साऊंड देणारा एकजण आठ चॅनेलचा मिक्सर घेऊन आला. ओळखीचा आहे, बोलण्यात अस्सल सोलापुरी.

"काका, म्यूट दाबलं तरी टकटक येऊलालंय."

"कुठनं?"

"टॉपमधनं की. हॉलभर."

हल्ली गाण्यांचे ट्रॅक लॅपटॉपवरून वाजतात. ऑक्टोपॅडवाल्याला ताल धरायला त्याच लॅपटॉपमधून एक क्लिक देतात, टक टक टक टक, आणि ती फक्त त्याच्या हेडफोनमध्ये जायला हवी. त्यासाठी क्लिकचं चॅनेल म्यूट करायचं आणि त्यावरचं पीएफएलचं बटण दाबायचं. पीएफएल म्हणजे फेडरच्या आधीच सिग्नल उचलून हेडफोनकडे नेणारी वाट. लोकांना गाणं, वादकाला टकटक. कागदावर सगळं बरोबर.

परवा एका शाळेच्या गॅदरिंगला सुरुवातीलाच संस्थापकांना श्रद्धांजली होती. दोन मिनिटं शांतता पाळायची. सगळे उभे राहिले. पुढच्या गाण्यासाठी लॅपटॉप चालू करून ठेवलेला. आणि त्या शांततेत दोन्ही टॉपमधून, म्हणजे मोठ्या स्पीकरमधून, बारीक, पण अगदी स्वच्छ: टक, टक, टक, टक. प्रमुख पाहुण्यांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघितलं म्हणे. मुख्याध्यापकांनी याच्याकडे बघितलं. याने मिक्सरकडे बघितलं. म्यूटचा लाल दिवा इमानदारीत पेटलेला.

"गाण्यात कधी ऐकू आलं नव्हतं?"

"गाण्यात कशाला येतंय ओ. गाणं असतंय की."

त्याने कारण मला फुकट सांगून टाकलं. समजा हॉलमध्ये यंत्रणा शंभर डेसिबलने वाजतेय आणि गळती तिच्या पन्नास डेसिबल खाली आहे. गाणं चालू असताना ते पन्नास कुणाच्या खिजगणतीत नाहीत. गाणं थांबून हॉल गप्प झाला की तेच पन्नास समोर येऊन उभे राहतात. गळती पहिल्या दिवसापासून असते, फक्त तिला शांतता मिळावी लागते.

संध्याकाळी सातला लग्नाचं संगीत आहे, दुसरा मिक्सर भाड्याने घेतो, हा आज रात्री द्या, म्हणाला आणि गेला.

सकाळी ११.००

खालचे स्क्रू काढून पत्रा उघडला. कंपनी कुठलीही असो, या किमतीचे मिक्सर आतून चुलतभाऊ असतात. एक मोठी पीसीबी, तिच्यावर आठ सारख्या पट्ट्या, शेवटी मास्टरची पट्टी, कोपऱ्यात सप्लाय, दुसऱ्या टोकाला हेडफोनचा जॅक. नकाशा नाही. मीटर बझरवर ठेवून मी ट्रॅक फिरवतो आणि पोरगा रद्दी कागदावर काढतो.

आतली गोष्ट सरळ आहे. प्रत्येक चॅनेलचा सिग्नल फेडर आणि पॅनमधून म्यूटच्या स्विचवर येतो. तिथून २२ किलोओहमच्या रेझिस्टन्समधून एका सामाईक तारेवर पडतो. डाव्या बाजूची एक तार, उजव्या बाजूची एक. या तारेला बस म्हणतात. तिच्या टोकाला बसलेली आयसी स्वतःच्या फीडबॅकने त्या तारेवरचं व्होल्टेज जवळजवळ शून्यावर धरून ठेवते. तार ग्राउंडला जोडलेली नाही, पण वागते ग्राउंडसारखी. म्हणून तिला व्हर्च्युअल अर्थ म्हणतात. तिच्यावर आठ जण आले तरी एकाचं दुसऱ्याच्या घरात उलटं शिरत नाही. रचना मोठी हुशारीची आहे. तिची खोड एवढीच की तारेवर जो कुणी येईल त्याला ती घेते. दारातून आलाय की फटीतून, विचारत नाही.

दुपारी १२.००

कानाने ऐकायचं आणि मीटरने मोजायचं, दोन्ही करावं लागतं. चॅनेलमध्ये १ व्होल्टचा १ किलोहर्ट्झचा सूर सोडला, म्यूट दाबलं, आउटपुटला मिलिव्होल्टमीटर. काटा काही जागेवर राहीना. मागच्या भिंतीपलीकडच्या मोटरी. अशा वेळी डोकं लावण्यात अर्थ नसतो. एक वाजता माग जेवायला थांबतात, तोवर दुसरं काम काढलं.

पोरग्याला वाटलं होतं आयसी बदलायची. बऱ्याच जणांना तसंच वाटतं. ४५५८ काढा, टीएल ०७२ घाला, नाहीतर सरळ एनई ५५३२ घाला, सगळं सुधारेल. खुसखुस कमी व्हायला ५५३२ चा उपयोग होतो, नाही असं नाही. पण एका आयसीत दोन ॲम्प्लिफायर असतात म्हणून एकाचं दुसऱ्यात गळतं, ही भीती फार मोठी करून सांगितलेली आहे. टीएल ०७२ च्या डेटाशीटमध्ये दोघांमधलं अंतर १२० डेसिबल दिलंय. म्हणजे दहा लाखांत एक भाग. आपल्या पीसीबीवरचे ट्रॅक त्याच्या कितीतरी आधी हार मानतात.

दुपारी १.०५

माग थांबले. कानात एकदम हवा भरल्यासारखं होतं.

१ किलोहर्ट्झला गळती ०.२८ मिलिव्होल्ट. सूर १० किलोहर्ट्झचा केला, व्होल्टेज तेवढंच ठेवलं. गळती २.८ मिलिव्होल्ट.

पोरग्याला म्हटलं, काय दिसतंय? तो म्हणाला, दहापट.

आज मला कुणी एकच गोष्ट शिकवायला सांगितली तर मी हीच शिकवेन. गळती सापडली की लगेच आयर्न तापवायचा नाही. आधी एक किलोहर्ट्झ आणि दहा किलोहर्ट्झ, दोन्हीला मोजायची. फ्रिक्वेन्सी दहापट झाल्यावर गळतीही दहापट झाली, तर सिग्नल हवेतून उडी मारून येतोय. कुठेतरी दोन धातू जवळ आहेत आणि त्यांच्यात नकळत कंडेन्सर तयार झालाय. दोन्हीकडे आकडा तोच आला, तर सिग्नल तारेतून चालत येतोय. कुठेतरी दोघांनी एकच ग्राउंड वापरलाय. उडी मारणाऱ्याला आडवं लावायचं, चालणाऱ्याची वाट वेगळी करायची. औषधं दोन आहेत आणि उलटी दिली तर दिवस फुकट जातो. माझे बरेच गेलेत.

इथे उडी होती. क्लिक म्हणजे तर वरच्या फ्रिक्वेन्सीचाच ढीग, तिला ही फट आवडणारच. म्यूटचा स्विच उघडा असताना त्याच्या आतल्या दोन पट्ट्या समोरासमोर असतात. त्यांच्यात दोन पिकोफॅरड धरा. काहीच नाही म्हणावं इतकं. पण १० किलोहर्ट्झला हे दोन पिकोफॅरड ८० लाख ओहमच्या रेझिस्टन्ससारखे वागतात, आणि बसवरची आयसी २२ हजाराला ८० लाखांनी भागून तेवढा सिग्नल पुढे पाठवते. हिशेब करा, २.८ मिलिव्होल्टच येतात. ५१ डेसिबल खाली. कागदावरचा आकडा आणि मीटरचा आकडा जुळला की मला आजही परीक्षेत पास झाल्यासारखं वाटतं.

दुपारी १.४५

कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, कांदा. कडक भाकरी सोल्डरिंगच्या बाकाजवळ खायची नाही हा दुकानातला एकमेव लेखी नियम. तिचे तुकडे पीसीबीवर पडले की दिसत नाहीत, आणि पावसाळ्यात त्यांना ओल धरते.

दुपारी २.३०

स्विच सहा पायांचा, दोन ओळी, तीन-तीन पाय. एक ओळ डाव्या बसची, एक उजव्या. मधला पाय बटण दाबलं की एका शेजाऱ्याला सोडून दुसऱ्याला चिकटतो. कंपनीने मधल्या पायाला २२ किलोओहमचा रेझिस्टन्स दिलाय, एका टोकाला सिग्नल, आणि दुसरं टोक रिकामं. म्यूट केलं की मधला पाय त्या रिकाम्या पायावर जाऊन बसतो, म्हणजे रेझिस्टन्सचं टोक हवेत लोंबकळतं. जो काही उडी मारून येईल तो त्यावर उतरतो.

उपाय: तो रिकामा पाय ग्राउंडला जोडायचा. मग म्यूट झाल्यावर रेझिस्टन्सचं टोक हवेत राहत नाही, ग्राउंडवर टेकतं. उडी मारणारा तिथेच जमिनीत जातो. ही युक्ती माझी नाही. स्टुडिओच्या महाग कन्सोलमध्ये ती कधीपासून आहे. साऊंडक्राफ्टमध्ये काम केलेल्या डग्लस सेल्फ यांचं 'स्मॉल सिग्नल ऑडिओ डिझाईन' हे पुस्तक २०१० साली आलं. मिक्सरची असली दुखणी त्यात आकड्यांसकट मांडलेली आहेत. स्वस्त मिक्सरमध्ये मात्र तो पाय रिकामा सोडतात. पाय तर आहेच, स्विचचे पैसेही दिलेलेच आहेत, राहिला तो चार सेंटिमीटरचा ट्रॅक.

पोरगा आयर्न घेऊन तयार. थांबवलं. मधला पाय रेझिस्टन्सचाच आहे ना, आठही चॅनेलला मीटरने बघ. काही मिक्सरमध्ये मधला पाय सिग्नलचा असतो. तिथे रिकामा पाय ग्राउंड केला तर म्यूट दाबताच आधीच्या आयसीचं आउटपुट सरळ ग्राउंडवर आपटतं. तरुणपणी मी एका मिक्सरचं असं केलं होतं. गळती गेली, आणि म्यूट दाबला की बाकीच्या चॅनेलांत फर्रर्र. सप्लाय दबत होता. त्या गिऱ्हाइकाला मी वायर सैल होती असं सांगितलं होतं.

आठही बरोबर निघाले. सोळा पाय. बिनआवरणाची कल्हई केलेली तांब्याची तार आठही स्विचांवरून सरळ ताणली, खाली ट्रॅकला लागू नये म्हणून मध्ये मध्ये स्लीव्ह घातली, आणि पोरगा एकेक टाका घालत गेला. स्विच प्लास्टिकचा असतो. टाक्याला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ दिला तर आतला पाय वितळून तिरका होतो आणि बटण रुसतं. मी मोठ्याने मोजत होतो: एक, दोन, उचल. एक, दोन, उचल. अकराव्या पायाला तो म्हणाला, "अण्णा, तुमच्या मोजण्यानंच हात थरथरायलाय." मग गप्प बसलो.

तारेचं शेवटचं टोक कुठेतरी ग्राउंडला लावायचं होतं. हेडफोनच्या जॅकजवळ ग्राउंडचा चांगला मोठा पॅड दिसला, हाताशीच. तिथे लावलं. म्हणजे मीच सांगितलं, तिथे लाव.

दुपारी ४.३०

चहा. शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकांना मिक्सरचं दुखणं सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे क्रॉस कनेक्शन." एका शब्दात. लँडलाइनच्या काळात आपण सासुरवाडीला फोन लावावा आणि मध्येच कुणीतरी ज्वारीचा भाव विचारावा, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं समजवावं लागत नाही. दुखणं टेलिफोनचंच आहे. खांबांवर दोन जोड्या शेजारून शेजारून कोसभर गेल्या की एकीचं बोलणं दुसरीत उतरायचं. ग्रॅहम बेलने दोन तारा एकमेकींना पीळ घालून ठेवायचं पेटंट १८८१ सालीच घेतलं होतं. उघड्या तारांच्या लाइनीवर खांबागणिक पीळ घालता येत नाही, म्हणून ठरावीक अंतरावर तारांच्या जागाच अदलाबदल करायचे. काकांना ती अदलाबदल आठवत होती. लहानपणी रेल्वेच्या डब्यातून बघताना वाटायचं, लाइनमनकडून चूक झालीय.

संध्याकाळी ५.१५

मोजलं. माग मध्येच थांबले होते. १० किलोहर्ट्झला २.८ मिलिव्होल्ट होते तिथे काटा इतका खाली की मिक्सरची स्वतःची खुसखुस कोणती आणि गळती कोणती हे वेगळं करता येईना. पोरग्याने हात झाडले. पत्रा लावला, बारा स्क्रू आवळले.

मग शेवटची खात्री म्हणून साऊंडवाल्याचा प्रसंग जसाच्या तसा उभा केला. लॅपटॉपवरून क्लिक, चॅनेल म्यूट, पीएफएल दाबलेलं, हेडफोन जॅकमध्ये आणि त्याचा आवाज वादक ठेवतात तसा भरपूर. मेन आउटपुटला एक छोटा स्पीकर.

टक, टक, टक, टक.

पोरगा माझ्याकडे बघतोय. मी पत्र्याकडे.

हेडफोन काढला, आवाज बंद. घातला, सुरू. मघाशी मोजताना जॅक रिकामा होता, हे तेव्हा लक्षात आलं. पण खरी गंमत पुढे. टकटक कमी होईल म्हणून पोरगा रिकामी चॅनेलं एकेक करून म्यूट करत गेला, आणि प्रत्येक म्यूटबरोबर टकटक वाढत गेली. एक पायरी, दुसरी पायरी. आठही बंद केली तेव्हा सर्वांत मोठी.

दारं लावत जावं आणि वारा वाढत जावा. तीस वर्षांत मी हे पहिल्यांदा बघत होतो, आणि ते माझ्याच हातचं होतं.

संध्याकाळी ६.००

बारा स्क्रू.

माग अजून थांबलेलेच होते. क्लिकच्या जागी सूर सोडून मोजलं. १ किलोहर्ट्झ, १.५ मिलिव्होल्ट. १० किलोहर्ट्झ, १.५ मिलिव्होल्ट. सारखंच. हा उडी मारणारा नव्हे, चालत येणारा.

कागद पुढे ओढला. हेडफोनचे दोन्ही कान ३२ ओहमचे. प्रत्येकाला एक व्होल्ट दिला तर दोघांचा मिळून ६२ मिलिअँपिअर करंट जॅकच्या ग्राउंडमधून परत सप्लायकडे निघतो. परतीची वाट कुठली? तोच पॅड, ज्याला मी दुपारी सोळा पायांची तार लावायला सांगितली. तिथून एक रुंद ट्रॅक, बसच्या आयसीच्या ग्राउंडपाशी जाऊन पुढे सप्लायला. जेमतेम दोन बोटं लांबीचा तुकडा दोघांचा सामाईक.

मीटर त्या तुकड्याचा रेझिस्टन्स शून्य दाखवतो. दाखवणारच, हातातल्या मीटरला ओहमच्या खाली फारसं कळत नाही. मग बाकाच्या सप्लायवरून त्या ट्रॅकमधून बरोबर १ अँपिअर सोडला आणि दोन टोकांवर वेगळ्या पिनांनी व्होल्टेज बघितलं. ३ मिलिव्होल्ट. म्हणजे ३ मिलिओहम. एक ओहमचा तीनशेवा भाग.

एवढ्याशाने काय होतं? ६२ मिलिअँपिअर गुणिले ३ मिलिओहम, ०.१९ मिलिव्होल्ट. टकटक वाजली की तो पॅड आयसीच्या ग्राउंडपेक्षा तेवढा वरखाली होतो. आणि म्यूट केलेलं प्रत्येक चॅनेल आपला २२ किलोओहमचा रेझिस्टन्स त्याच हलणाऱ्या पॅडवर टेकवून बसलंय. माझ्या कृपेने. एक चॅनेल म्यूट, ०.१९. दोन म्यूट, त्याच्या दुप्पट. आठ म्यूट, दीड मिलिव्होल्ट. बस तारेने आठही फटींतून आलेलं सगळं प्रामाणिकपणे घेतलं आणि बेरीज करून पुढे पाठवलं. बेरीज करायलाच तर तिला ठेवलंय.

पोरग्याला विचारलं, "ग्राउंड म्हणजे काय?"

"झिरो."

"कुठला झिरो?"

त्याने बराच वेळ बोर्डाकडे बघितलं. मग बोट आधी आयसीवर ठेवलं, मग जॅकवर, आणि म्हणाला, "हे दोन वेगळे हायेत व्हय?" महिनाभर मी जे तोंडाने सांगत होतो ते त्याला दीड मिलिव्होल्टने सांगितलं.

संध्याकाळी ६.४५

दोन कामं. सोळा पायांच्या तारेचं टोक जॅकवरून उचलून बसच्या आयसीचा पाय जिथे ग्राउंडला बसतो अगदी त्याच ठिकाणी नेलं. आता ती जागा हलली तरी दोघं बरोबर हलतात, आणि बरोबर हलणाऱ्यांमध्ये फरक उरत नाही. दुसरं, हेडफोन जॅकच्या ग्राउंडचा ट्रॅक कटरने कापला. ट्रॅक कापताना एकच ओरखडा पुरत नाही. दोन समांतर काप द्यायचे, मधली पट्टी आयर्नने तापवून सोलून काढायची, नाहीतर केसाएवढा धागा राहतो आणि मीटर तुम्हाला तासभर खेळवतो. कापलेल्या जॅकपासून ४०/३६ ची जाड काळी वायर थेट सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरच्या ग्राउंडवर. हेडफोनचा करंट आता त्याच्या वाटेने घरी जातो, दुसऱ्याच्या अंगणातून जात नाही.

एवढं झालं तेव्हा माग पुन्हा सुरू झाले होते आणि काटा नाचत होता. मोजणं आठपर्यंत थांबवलं.

मधल्या वेळात एक बाई शिवणयंत्राची मोटर घेऊन आल्या. हे माझं काम नाही म्हणालो. "तुम्हीच मागच्या वर्षी केलं होतं," म्हणाल्या. ठेवून घेतली.

रात्री ८.०५

माग थांबले. हेडफोनसह मोजलं, आठही म्यूट. दीड मिलिव्होल्टचे ०.०५ झाले. ८६ डेसिबल खाली. तीन आणि चार नंबरच्या चॅनेलमध्ये शेजारून जाणारे दोन ट्रॅक आहेत, त्यांच्यात अजून थोडी उडी आहे, ७८ खाली. तिला हात लावला नाही. त्यासाठी ट्रॅक उचलून शिल्डेड वायर टाकावी लागेल, आणि या किमतीच्या मिक्सरमध्ये तेवढं करणं म्हणजे मुंडाशापेक्षा धुलाई महाग. वहीत मात्र लिहून ठेवलं.

रात्री ९.३५

साऊंडवाला संगीताचं आटपून आला. रात्री दहाच्या पुढे वाजवता येत नाही, हा नियम २००० सालापासून आहे, आणि आमच्या धंद्यातल्या लोकांना घरी जेवायला पाठवणारा तेवढा एकच कायदा.

त्याला मिलिव्होल्ट दाखवले. त्याने मान हलवली, बँकेतल्या माणसाने व्याजाचा तक्ता दाखवावा तशी. म्हटलं, ऐक. छोटा स्पीकर बाजूला ठेवला, त्याने व्हॅनमधून स्वतःचा टॉप आणला. क्लिक चालू, म्यूट, पीएफएल, हेडफोन पोरग्याच्या कानावर. मेनचा फेडर त्या दिवशी होता तिथे. पंखा बंद केला. शटर अर्धं ओढलं.

"किती वेळ ऐकायचं?" त्याने विचारलं.

"दोन मिनिटं."

त्याने टोपी काढून हातात घेतली आणि दोन्ही पाय जोडून सरळ उभा राहिला. सवयीने. ते बघून मीही बाकावरून उठलो. पोरगा हेडफोन लावून मान तालावर हलवत होता, टक टक टक टक, फक्त त्याच्यासाठी. टॉपमधून काही नाही. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. कन्ना चौकाकडून कुणाच्या तरी लग्नाचा बेंजो ऐकू येत होता, तोही थांबला.

दोन मिनिटं झाली की नाही, बघितलं नाही. त्यानेच टोपी घातली.

"किती झाले काका?"

"बाराशे."

"हजार घ्या की ओ. नवं असं मशिन येतंय किती..."

"नवं आण मग. त्याचाही तो पाय रिकामाच असतोय."

अकराशे दिले. मिक्सर जुन्या चादरीत गुंडाळून व्हॅनमध्ये ठेवला. पोरग्याने वहीत तारीख टाकली, आकडे लिहिले, आणि 'केलेलं काम' या रकान्यात मोठ्या अक्षरात: ग्राउंड दोनदा केला. मी ते खोडायला सांगितलं नाही. उद्या सकाळी शिवणयंत्राची मोटर.